उंदरांच्या मुलखात कुत्रा

नोरीन नाकामारा चित्र काढताना गात असे, आणि तिचा आवाज चांगला नव्हता. वाळवंटातल्या वान्तिर्री वस्तीच्या चित्रकेंद्राच्या पडवीत कॅनव्हास जमिनीवर अंथरून ती त्याच्या कडेला मांडी घालून बसली, की बाकीच्या बाया आपापल्या रंगांच्या डब्या उचलून थोड्या लांब सरकत. गाणं तिच्या बापाच्या मुलखाचं होतं. गाणं ज्या जागी पोचलेलं असे, त्याच जागी चित्रही पोचलेलं असे. त्यामुळे आत चहा गाळणाऱ्या बाईलासुद्धा न बघता कळे, की नोरीन अजून वाळूच्या टेकाडांवर आहे की पाणवठ्यापाशी उतरली.

मुलूख उंदरांचा होता. मागच्या दोन पायांवर टुणटुण उड्या मारत जाणारे, लांब शेपटीचे आणि मोठ्या कानांचे हे उंदीर आद्यकाळात बायका होते. जमीन तेव्हा अजून मऊ होती. त्या बायका पश्चिमेकडून निघाल्या त्या डोक्यावर गवताच्या बियांच्या भाकऱ्यांची चळत घेऊन. चाल अशी उड्या मारत, आणि डोक्यावर चळत. व्हायचं तेच झालं. वाटेत जिथे जिथे भाकरी पडली तिथे तिथे आज एक चपटा खडक आहे. कुंतालपीला पोचल्यावर त्यांनी चळती उतरवून पाहिल्या आणि जास्त भाकऱ्या कोणी पाडल्या यावरून भांडण जुंपलं. पाय आपटून आपटून जमीन खचली आणि खालून पाणी वर आलं. एक बाई रुसून सगळ्यांकडे पाठ करून बसली. ती टेकडी झाली आणि अजून पाठ करूनच बसली आहे. नोरीन लहान असताना बापाने तिला खांद्यावर घेऊन ती टेकडी दाखवली होती आणि सांगितलं होतं, "ही तुझी आत्या. हिला हाक मारू नकोस, ती ओ देत नाही."

नोरीनचा स्वभाव आत्यावर गेला आहे, असं तिची मुलगी लर्लीन म्हणे.

त्या मुलखातून नोरीन चालत निघाली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. दुष्काळ पडला होता आणि वान्तिर्रीला पीठ, साखर आणि चहापत्ती वाटतात अशी बातमी आली होती. पीठ खाऊन परत जाऊ, असं बाप म्हणाला. परत जाणं काही झालं नाही. नोरीनने मिशनच्या स्वयंपाकघरात कणीक तिंबली, मग शाळेच्या स्वयंपाकघरात तिंबली, लग्न केलं, मुलं वाढवली, नवरा पुरला. गुडघे गेले तेव्हा तिने कणीक सोडली आणि रंग हातात घेतला. बसून करायचं काम, ऊन नाही, आणि वर केंद्राचा चहा. पहिली काही वर्षं तिने भाकऱ्याच काढल्या. एक चित्र म्हणजे एक खडक. पण या वर्षी तिने सगळ्यांत मोठा कॅनव्हास मागून घेतला. पश्चिमेपासून कुंतालपीपर्यंत सगळी वाट तिला एकदा एका तुकड्यावर उतरवायची होती. डोळ्यांत पडदा येऊ लागला होता आणि बापाच्या मुलाबाळांपैकी ती वाट पुरती ठाऊक असलेलं दुसरं कोणी राहिलं नव्हतं. अ‍ॅलिस शहरात मोठं प्रदर्शन भरायचं होतं. चित्र त्यासाठी ट्रकने अ‍ॅलिसला जायचं होतं. ट्रक उद्या सकाळी निघणार होता.

चित्र बापाकडून येतं, पण त्याच्यावर पहारा बहिणीच्या मुलांचा असतो. नोरीनच्या चित्रावर तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा हॉरेस याचा पहारा होता. चित्र बरोबर आहे असं हॉरेसने म्हटल्याशिवाय ते पडवीची पायरी उतरू शकत नव्हतं. हॉरेस अंगाने सुटलेला, डोळ्याने तीक्ष्ण आणि फार बारकाईचा माणूस होता. एकदा त्याने भाकरीचा एक खडक तिला चारदा काढायला लावला होता, कारण म्हणे तो ओलसर दिसत होता. या वेळी मात्र त्यालाही घाई होती. अ‍ॅलिसला फुटबॉलचे सामने सुरू होत होते, अर्धी वस्ती आधीच निघून गेली होती, आणि हॉरेसला चित्रांच्याच ट्रकमधून जायचं होतं.

"मावशी, उंदीर भरभर चालव," तो सकाळपासून म्हणत होता. "आद्यकाळात त्यांना एवढा वेळ लागला नव्हता."

"त्यांच्या डोक्यावर भाकऱ्या होत्या. माझ्या डोक्यावर तू आहेस."

ट्रक चालवायचा होता क्लिफर्डने, आणि क्लिफर्ड हा नोरीनचा जावई. सासूने जावयाकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्यानेही तसंच. त्यात कसला राग नसतो. तो आदर असतो, आणि नोरीन आदरात कोणालाच हार जाणारी नव्हती. क्लिफर्ड केंद्राच्या आवारात शिरताना खोकत शिरे. खोकला ऐकला की नोरीन मांडीवरचं करडं ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेई आणि तो जाईपर्यंत आत तशीच बसून राही. गाणं मात्र थांबवत नसे, त्यामुळे परक्या माणसाला वाटे की ब्लँकेटच गातं आहे. क्लिफर्ड भला माणूस होता. शिकारीला गेला की कांगारूची शेपटी सासूच्या पडवीत ठेवून पळून जाई. तो मेहुण्यांमध्ये मोठ्याने हसतो असं तिने ऐकलं होतं. प्रत्यक्ष हसणं तिने ऐकलेलं नव्हतं, कारण ती जवळपास असली की तो हसतही नसे.

दुपारी कुंतालपीचा पाणवठा पुरा झाला. काडीच्या ठिपक्यांनी भरलेली एकात एक वर्तुळं, मधे काळाभोर डोळा. नोरीनने पाठ सरळ केली, उरलेल्या डबाबंद बीफचा डबा कॅनव्हासच्या पलीकडच्या कडेला ठेवला आणि चहाला उठली. तिचा कुत्रा टायर पायरीवर झोपला होता. निदान डोळे मिटून पडला होता.

चहा पिऊन ती आली तेव्हा टायर डब्यात नाक घालून उभा होता. त्याचे चारही पाय पांढरे होते, कारण तो आधी पांढऱ्या रंगाच्या बादलीतून गेला होता. तिथून डब्याकडे जायला कॅनव्हास ओलांडणं हाच जवळचा रस्ता होता, आणि तोही त्याने सरळ पार केला नव्हता. वाळूच्या टेकाडांवरून तो वळला होता, एका भाकरीचा वास घेऊन गेला होता, मधे बसला होता, आणि शेवटी नेमका पाणवठ्याच्या डोळ्यात एक पाय ठेवून पलीकडे उतरला होता.

 नोरीनने ब्लँकेट डोक्यावर घेतलं, जावई नसताना.

केंद्राची व्यवस्था बघणारी गोरी बाई फिओना आतून आली. ती चांगली बाई होती आणि तिला सगळंच आवडत असे.

"नोरीन, हे केवढं जिवंत झालंय," ती म्हणाली. "ही नवी रेघ बघ. किती मोकळी आहे. तू कधी काढलीस ही?"

"मी नाही काढली," ब्लँकेट म्हणालं. "टायरने काढली."

"मग तर फारच छान."

तेवढ्यात हॉरेस आला. तो कॅनव्हासभोवती एक फेरी फिरला, मग उलट्या बाजूने दुसरी फिरला, आणि कपाळावर हात ठेवून पायरीवर बसला.

"मावशी, तू काय केलंस हे कळतंय का तुला?"

"चहा प्याले."

"कुंतालपीला कुत्रा आणलास. पाणवठ्यात पाय बुडवून उभा केलास त्याला. उंदीर तिथे भांडत असताना."

हे फिओनाला कळेना. तिने विचारलं, की कुत्र्याचे पाय इतके वाईट आहेत का. हॉरेसने तिला समजावलं, आणि हॉरेसला समजावायला आवडत असे.

"चित्रात जे पाय उमटतात ते त्या मुलखात उमटलेले असतात. आता हे चित्र म्हणतं की आद्यकाळात कुत्रा इथे आला होता. कुत्रा आला असता तर उंदीर राहिले असते का? उंदीर राहिले नसते तर भांडण झालं नसतं. भांडण नाही तर पाणी नाही. पाणी नाही तर माझा आजा तिथे जन्मला नसता. आजा नाही तर मावशी नाही, आणि मी पण नाही. मग तुझ्याशी हे बोलतंय कोण?"

फिओना बोटांवर पिढ्या मोजू लागली.

"आणि शिवाय," हॉरेस म्हणाला, "कुत्रा आमचा नाही. आद्य कुत्र्यांची वाट तिकडे दक्षिणेला आहे. ती आल्बी म्हाताऱ्याच्या घराण्याची. आम्ही ती काढली म्हणजे चोरी झाली."

"मग ठिपक्यांनी झाकून टाकू," फिओना म्हणाली. "रंग अजून ओला आहे."

ब्लँकेटच्या आतून नोरीनने मोठा श्वास सोडला. "आल्बीच्या कुत्र्याचे पाय मी पुसायचे? काढले त्याहून ते वाईट."

हे खरं होतं, आणि पडवीतल्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. आता कोणाच्याही नजरेने पाहिलं तरी गोष्ट एवढीच होती: हे पाय उद्या सकाळच्या आत रीतसर गेले नाहीत, तर बापाची वाट ट्रकमध्ये चढणार नव्हती.

आल्बीला बोलवायला लर्लीन गेली. आल्बी नोरीनपेक्षा वयाने मोठा, दात नसलेला आणि एका डोळ्याने पुरता आंधळा होता. पण नात्याच्या हिशेबाने तो तिचा नातू लागत होता, आणि आजी-नातवाने एकमेकांची थट्टा करायची असते. तो काठी टेकत पायऱ्या चढला तो बोलतच.

"आजी, ऐकलं की तू माझी कुत्री चोरलीस."

"तुझी कुत्री कोण चोरेल, नातवा? त्यांना पिसवासुद्धा सोडून गेल्या."

"पिसवा गेल्या कारण तुझ्या घरी रोज बीफ असतं म्हणे."

दोघं थोडं हसली. मग आल्बी गुडघे मोडून कॅनव्हासशेजारी बसला आणि त्याने नाक जवळजवळ टेकवून पहिला पाय पाहिला. तिथून तो पायामागून पाय असा रांगत गेला. टेकाडापाशी तो थांबला.

"इथून हा उजवीकडे का वळला?"

"तिथे भाकरी आहे," हॉरेस म्हणाला.

"ती खडक झालेली भाकरी आहे. खडकाचा वास घेतो? माझे आद्य कुत्रे बाणासारखे गेले. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. मधे कुठे थांबले नाहीत." तो पुढे रांगला. "आणि हे काय? हा एवढा मोठा गोळा?"

"तिथे तो बसला होता."

"कशाला?"

हॉरेसने नोरीनच्या ब्लँकेटकडे पाहिलं. 

"खाजवायला," हॉरेस म्हणाला.

आल्बी ताठ झाला. "आमच्या घराण्यात कोणी परक्याच्या मुलखात बसून खाजवलेलं नाही. चोरी मी सहन केली असती, आजी. ही बदनामी आहे." मग त्याने त्या गोळ्याच्या मागे बोट फिरवलं. "शेपटीची रेघ मात्र छान आली आहे. ही कोणी काढली?"

"शेपटीने," नोरीन म्हणाली.

निवाडा करायला वेळ लागला नाही, कारण आल्बीला पाय मान्य नव्हतेच. पाय जायला हवेत, आणि कुत्र्यांच्या घराण्याच्या हातानेच जायला हवेत. पण हॉरेसही हटून बसला. पाय झाकणारे ठिपके उंदरांच्या जमिनीवर पडणार. कोणता रंग, कुठे दाट, कुठे विरळ, हे नोरीनने शेजारी बसून सांगायचं, आणि ठिपका चुकला तर तिनेच तिथल्या तिथे सावरायचा. दोघांचा हात एकाच वेळी, एकाच कॅनव्हासवर. आल्बीने आपला हात वर केला. तो वाऱ्यावरच्या पाल्यासारखा हलत होता.

"माझ्या हाताने ठिपका होणार नाही, पाऊस होईल. तुमच्या उंदरांना पूर येईल."

"तुमच्यातलं दुसरं कोण आहे वस्तीत?" फिओनाने विचारलं.

"सगळे फुटबॉलला गेले."

"सगळे?"

बाया जमिनीकडे बघू लागल्या. लर्लीन आकाशाकडे बघू लागली. आवाराच्या फाटकाशी कोणीतरी खोकलं.

"नाही," नोरीन म्हणाली.

"आई, तो माझ्या..."

"कोण तो? मला कोणी ठाऊक नाही."

"मावशी," हॉरेस म्हणाला, "आल्बीच्या भावाचा मुलगा आहे. डोळे चांगले आहेत. हात हलत नाही. दुसरं कोणी नाही, आणि ट्रक सकाळी निघतो."

"ट्रक निघू दे. मी पण बसते आत्यासारखी पाठ करून. मला काय."

पण ती उठून गेली नाही. ब्लँकेटच्या आत तिला आपल्या बापाचा खांदा आठवत होता. त्यावर बसून तिने ती वाट पाहिली होती आणि आता तीच वाट तिच्या बोटांत होती, दुसरीकडे कुठे नव्हती. पुढच्या वर्षी पडदा अजून दाट होईल. तिने ब्लँकेट डोक्यावरून काढलं, हातात धरून त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दोरी आणा."

मग सगळ्यांनाच काम मिळालं. फिओनाने कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. ती पडवीच्या दोन खांबांना, कॅनव्हासच्या वरून बांधली. तिच्यावर करडं ब्लँकेट टांगलं. वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या कडेला रंगाचे भरलेले डबे बांधले, आणि ब्लँकेटमधून आरपार दिसतं का हे बघायला हॉरेसने एका बाजूला उभं राहून आल्बीला दुसऱ्या बाजूला वेडीवाकडी तोंडं करायला सांगितलं. आल्बीला तसंही दिसत नव्हतं की हॉरेस बघतो आहे की नाही, त्यामुळे तो बराच वेळ करत राहिला.

क्लिफर्डला लर्लीनने पाठीमागच्या दाराने आणलं. तो उंच, रुंद खांद्यांचा गडी होता, मैदानावर दोघांना एकदम लोळवणारा. ब्लँकेट पाहून तो लर्लीनच्या मागे सरकला.

"मला जमणार नाही," तो बायकोच्या कानात म्हणाला. "मी आयुष्यात ठिपका दिलेला नाही. मी फक्त खोके चढवतो."

"काडी बुडवायची, टेकवायची, उचलायची. बाळालासुद्धा येतं."

"बाळाची सासू पलीकडे बसत नाही."

काम सुरू झालं. कॅनव्हास ब्लँकेटच्या खालून सरकवत न्यायचा. पायाचा ठसा दोरीच्या खाली आला की त्याने आपल्या बाजूने झाकायचा, मग कॅनव्हास पुढे ओढायचा आणि तिने तिच्या बाजूने तो बघून सावरायचा. मधे लर्लीन बसली होती, निरोप पोचवायला.

"पिवळा. लहान. एकमेकांना चिकटून नको," नोरीन म्हणाली.

"आई म्हणते पिवळा, लहान, चिकटून नको," लर्लीन म्हणाली.

"ऐकलं मी," क्लिफर्ड पुटपुटला.

"तू ऐकायचं नाहीस. मी सांगितल्यावर ऐकायचं."

पहिला ठसा पलीकडे आला. नोरीनने तो न्याहाळला.

"त्याला विचार, हा ठिपका आहे की शेण?"

"आई म्हणते जरा लहान."

दुसरा बरा आला, तिसरा आणखी बरा. टेकाडापाशी दोघांची लय बसली. एक काडी इकडून टकटक, एक तिकडून टकटक. मग लर्लीनचं बाळ रडायला लागलं आणि ती उठून गेली. मधली जागा रिकामी पडली. काड्या थांबल्या. कोणी कोणाला काय सांगायचं?

टायर पोट भरून परत आला होता. त्याचे पाय धुतले होते आणि त्याला काही पश्चात्ताप झाल्याचं दिसत नव्हतं. तो येऊन थेट लर्लीनच्या जागी बसला, नाक एका बाजूला, शेपटी दुसऱ्या बाजूला.

"टायर," नोरीन हळूच म्हणाली, "त्या माणसाला सांग, आता तांबडा घे."

टायरने शेपटी आपटली.

"टायर," पलीकडून बारीक आवाज आला, "विचार, गडद की फिका?"

"गडद. टेकाडाची सावली आहे म्हणावं."

एकदा कॅनव्हास घाईने सरकला आणि ब्लँकेटच्या कडेखालून चार बोटं बाहेर आली.  बोटं झटकन आत गेली. नोरीन समोरच्या खांबाकडे बघत होती.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "पण टायर, त्याला सांग, नखं काप."

ऊन उतरू लागलं. खाजवण्याचा गोळा झाकायला बराच वेळ गेला. शेपटीची रेघ तेवढी राहू द्यावी असं आल्बीने दोनदा सुचवलं, आणि हॉरेसने दोनदा नाकारलं. शेवटी एकच ठसा राहिला. तो पाणवठ्याच्या डोळ्यात होता.

कॅनव्हास दोरीखाली आला. काडी वाजली नाही.

"टायर, काय झालं त्याला?"

 मग पलीकडून क्लिफर्ड बोलला, आणि या वेळी त्याने कुत्र्याचं नावसुद्धा घेतलं नाही. तो कोणालाही उद्देशून नाही, नुसता बोलला.

"मी इथे हात लावणार नाही. हे तिच्या बापाचं पाणी आहे. मी तिथे कधी गेलेलो नाही. त्या पाण्याला मी कोण हे माहीत नाही."

हॉरेसने मान डोलावली, आणि असं क्वचित होई. क्लिफर्डचं म्हणणं बरोबर होतं. परक्या माणसाने कोणाच्या पाणवठ्याला नुसता हात घालायचा नसतो. आधी त्या जागेच्या माणसाने हाक देऊन सांगावं लागतं की हा कोण आणि कोणाचा, आणि त्याच्या डोक्यावर पाणी टाकावं लागतं, म्हणजे तिथल्या जुन्या माणसांना त्याचा वास कळतो. कुंतालपी तिथून खूप लांब होतं. कुंतालपी तिथे समोर कॅनव्हासवर पण होतं.

नोरीन हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर उभी राहिली. तिने घसा साफ केला आणि पाणवठ्याकडे तोंड करून, आपल्या त्या चांगल्या नसलेल्या आवाजात हाक दिली.

"बायांनो, भांडण जरा थांबवा. मी आले आहे, तुमच्या भावाची नोरीन. माझ्याबरोबर एक माणूस आहे. कोण ते मी सांगू शकत नाही, का ते तुम्हाला कळतंच. तो माझ्या मुलीच्या मुलांचा बाप आहे. शेपट्या आणून देतो. कुत्र्यांच्या घरचा आहे, पण चावत नाही. त्याला हात लावू द्या."

आणि शेजारचं भांडं उचलून तिने ते ब्लँकेटच्या वरून पलीकडे उपडं केलं.

पलीकडे धबकन आवाज झाला.  ते भांडं ब्रश धुवायचं होतं आणि त्यात दुपारभर धुतलेला गुलाबी रंग होता. बायांनी पदरासारखे आपापले घागऱ्यांचे घोळ तोंडात कोंबले. आल्बीला उरलेल्या एका डोळ्याने तेवढं मात्र स्पष्ट दिसलं. तो काठीवर वाकून हसत राहिला आणि मग त्याला ठसका लागला.

ब्लँकेटच्या पलीकडे काडी टेकली. टक, टक, टक. पांढऱ्यावर काळा, अगदी बारीक, एकमेकांना न चिकटणारा. कॅनव्हास पुढे आला तेव्हा डोळा पुन्हा काळाभोर होता. नोरीनने त्याच्याभोवती आपलं वर्तुळ फिरवून बंद केलं. तिला सावरायला काही राहिलं नव्हतं, म्हणून तिने उगाच एका ठिपक्यावर दुसरा ठिपका ठेवला.

हॉरेसने उद्याचा विचार न करता सावकाश दोन फेऱ्या मारल्या. नंतर तो आल्बीला घेऊन एक फेरी फिरला. "कुत्रा दिसतो?" त्याने विचारलं.

"मला काहीच दिसत नाही," आल्बी म्हणाला. "पण वास येत नाही."

"मग बरोबर आहे," हॉरेस म्हणाला, आणि सकाळी चित्र ट्रकमध्ये चढलं.

फिओनाने चित्रासोबत पाठवायचा मजकूर आदल्या रात्रीच विचारून घेतला होता. नोरीनने तिला भाकऱ्यांची, भांडणाची आणि आत्याची गोष्ट सांगितली. कुत्र्याचं काय लिहू, असं फिओनाने विचारलं. नोरीनने तिच्याकडे असं बघितलं, जसं काही इथे कधी कुत्रा आलाच नव्हता. फिओनाने ते ओलांडून पुढे विचारलं, की उजव्या बाजूचे ठिपके जरा वेगळ्या हाताचे वाटतात, ते कोणाचे?

"पलीकडून आले," नोरीन म्हणाली.

सामने संपले आणि लोक परतले. नोरीन नव्या कॅनव्हासवर पहिली भाकरी काढत होती तेव्हा लर्लीन बाळाला काखेत घेऊन पडवीत आली आणि तिच्याजवळ बसली.

"आई, त्याचं डोकं अजून गुलाबी आहे. सगळं मैदान हसत होतं त्याला. दुसऱ्या संघाने नाव ठेवलं गलाह, त्या गुलाबी काकाकुव्यावरून. तरी धुवायला तयार नाही."

"का?"

"म्हणतो, कुंतालपीचं पाणी आहे. असं कोणी धूत नाही."

नोरीनची काडी रंगात बुडली ती तशीच राहिली. तिने पडवीच्या खांबांकडे पाहिलं. दोरी अजून तिथेच होती, आणि तिच्यावर फिओनाचे टॉवेल वाळत होते.

"कुंतालपीचं कसलं," ती म्हणाली. "ब्रश धुतलेलं होतं ते." मग तिने भाकरीची कड गोल फिरवत आणली, आणि ती जुळल्यावर म्हणाली, "पण त्याला सांगू नकोस."